उलट्या बाजूचं बदक

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं

वेळ मुद्दाम लिहिते आहे. "साधारण सकाळच्या सुमारास" अशी मोघम साक्ष देणाऱ्यांचा मला नोकरीभर तिटकारा होता. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून आयुष्य काढलं. तराजूला अंगठा लावणारा माणूस मी रस्त्याच्या पलीकडून ओळखत असे. आणि आज माझ्या नाकाखाली, माझ्याच खणात, माझी चोरी झाली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साबणाच्या वड्या पोचवायला गेले होते. निवृत्त झाल्यापासून मी डागांचा साबण करते. शाई, गंज, तेल, रक्त, काहीही असो. ओल्या कपड्यावर वडी फिरवा, थोडं थांबा, धुऊन टाका. मी करते आणि जाऊबाई कागदात गुंडाळतात. दुकानात आमची जागा ठरलेली आहे, खालून दुसरा खण. आज तिथे आमच्या वड्यांना खेटून दुसऱ्याच कोणाच्या वड्या ऐसपैस बसल्या होत्या. पांढरा कागद, त्यावर लाल बदक, बदकाखाली पाण्याच्या तीन रेघा. माझाही कागद पांढरा, बदक लाल, रेघा तीन. माझं बदक डावीकडे बघतं, हे उजवीकडे. लाजेकाजेस्तव केलेला तेवढाच फरक!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बदकवाला साबण," दुकानदार म्हणाला.

"बदकवाला साबण मी आणते."

"मग तुमचाच असेल की, बाई."

"माझा असता तर विचारलं असतं का?"

त्याने दोन वड्या दोन हातांत घेतल्या. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "अरेच्चा," म्हणाला, "परवापासून मी तुमच्या म्हणूनच विकतोय."

त्यातली एक वडी विकत घेऊन घरी आले. वास घेतला. लिंबाच्या साली आणि नीलगिरी! म्हणजे चोरांनी नुसतं बदक नाही नेलं, वाससुद्धा उचलला. ही कृती जगात दोनच माणसांना माहीत होती, मला आणि शाळेच्या वसतिगृहातल्या धोबीघराच्या सिस्टरना. सिस्टर देवाघरी गेल्याला किती काळ लोटला. त्या काही दुकानं काढणार नाहीत.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, जगातली सगळी बदकं काय तुझ्या एकटीच्या मालकीची?"

मी म्हटलं, "लाल, आणि तीन रेघांवर बसलेली, हो."

६ फेब्रुवारी

भाचीकडे गेले. बहिणीची मुलगी, वकील आहे, आणि व्यापारचिन्हं हेच तिचं काम. तिच्या ऑफिसात दोन टेबलं, एक कपाट आणि खिडकीत एक मरगळलेलं झाड आहे. झाडाला आधी पाणी घातलं, मग तक्रार सांगितली.

"मावशी, तू नोंदणी केली होतीस?"

"कशाची?"

"बदकाची."

"माझ्या स्वतःच्या बदकाची मीच नोंदणी करायची?"

तिने डोळे मिटले. तिची आई लहानपणी असेच मिटायची.

मी तिला बदकाचा सगळा इतिहास सांगितला. वसतिगृहात सगळ्या मुलींचे कपडे एकत्र धुवायला जायचे. लहानग्यांना आकडे वाचता येत नसत, म्हणून सिस्टरनी प्रत्येकीला एक चित्र दिलं होतं. कोणाची छत्री, कोणाची किल्ली, कोणाची शिडी. माझं बदक. रुमालावर, पायमोज्यावर, उशीच्या अभ्र्यावर लाल दोऱ्याने ते आपणच भरायचं. त्यातला एक रुमाल मी अजून जपून ठेवला आहे. साबण सुरू केला तेव्हा छापखान्यात तोच नेऊन दाखवला आणि त्यावरून चित्र काढून घेतलं.

"गोड आहे," भाची म्हणाली. "पण रुमाल म्हणजे व्यापार नाही. व्यापारात कोणी आधी वापरलं, कोणी आधी अर्ज केला, ते बघतात." तिने तिच्या संगणकावर शोध घेतला. बसलेलं, उभं, उडणारं, टोपी घातलेलं अशी बदकं निघत राहिली. आणि मग ते निघालं. उजवीकडे बघणारं, तीन रेघांवर. कोणा ‘अमुक आणि मंडळी’ यांची कंपनी. अर्ज डिसेंबरातला.

"उद्याच्या उद्या आपलाही अर्ज टाकू," भाची म्हणाली. "आणि त्यांचा अर्ज जाहीर झाला की विरोध नोंदवू. नाहीतर मावशी, त्यांची नोंदणी झाली की ते तुलाच नोटीस पाठवतील. बदक उतरवा म्हणून."

माझं बदक मी उतरवायचं! घरी येईपर्यंत माझा पारा उतरला नाही.

११ फेब्रुवारी

अर्ज गेला. त्याआधी वाद झाला. मला वाटलं, नुसत्या बदकापेक्षा एखादा भारदस्त शब्दही घालावा. "शुभ्र", किंवा "निष्कलंक".

भाची म्हणाली, "नाही मिळायचं. साबणाचं काम शुभ्र करणं. तो शब्द सगळ्याच साबणवाल्यांना लागणार, तो एकट्या तुझ्या पदरात कोण टाकेल? उलट बदकाचा आणि डागांचा काडीचा संबंध नाही, म्हणूनच ते भक्कम आहे. जितकं असंबद्ध, तितकं तुझं."

हे मला पटलं. आमच्या घराण्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

मग तिने मला वर्ग समजावले. प्रत्येक मालाचा एक वर्ग असतो आणि चिन्ह त्या त्या वर्गापुरतं मिळतं. कोणी बदकछाप ट्रॅक्टर काढले तर मला फारसं बोलता येणार नाही. पण यांचाही साबण, माझाही साबण; त्यांची गिऱ्हाइकं तीच, दुकानही तेच, आणि खणसुद्धा तोच.

"पण त्यांचं बदक उजवीकडे बघतं," मी शत्रूच्या बाजूने बोलून बघितलं. निरीक्षकाने दोन्ही पारडी तपासावीत.

"बघू दे की. दोन चिन्हं शेजारी शेजारी ठेवून फरक शोधत नाहीत, मावशी. ते कोड्यांच्या पुस्तकात. गिऱ्हाईक आज एक बघतं, महिन्याने दुसरं. त्याच्या डोक्यात काय उरतं? लाल बदक, पाणी. कुठल्या बाजूला तोंड होतं, हे कोणाच्या लक्षात राहतं?"

"माझ्या राहतं."

"तू सामान्य गिऱ्हाईक नाहीस," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत त्या मुलीने केलेली ही पहिली योग्य स्तुती.

२७ फेब्रुवारी

शत्रूची वडी माझ्या जुन्या तराजूवर टाकली. मनात होतं की वजनात मारत असतील. छापलंय त्यापेक्षा किंचित जास्तच भरली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. चोर आहेत, पण वजनाला प्रामाणिक आहेत. असले चोर मी नोकरीत पाहिले नाहीत.

जाऊबाई विचारत होत्या, "हल्ली गुडघ्याला तेल लावत नाहीस?" लक्षातच आलं नव्हतं. दुखायला सवड कुठे आहे?

१५ मार्च

भाची म्हणते, खरोखर फसलेलं गिऱ्हाईक सापडलं तर सोन्याहून पिवळं. म्हणून आज इमारतीत फिरले. तळमजल्यावर माझा कागद दाखवला, खिशात घातला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग त्यांचा कागद काढला. "आधी दाखवला तो हाच का?" तळमजल्यावरच्या शिंपिणीने मान डोलावली, "हाच की." पहिल्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणाले, "हाच. पण मघाशी जरा स्वच्छ होता." दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, "तुम्ही मला वेडी समजता का? एकच कागद दोनदा दाखवताय." तिचं मी खास टिपून घेतलं.

विजयी मुद्रेने घरी आले. हात धुतले. जाऊबाईंना म्हटलं, "काही म्हणा, आपल्या साबणाची सर कशाला येणार नाही. फेस बघा कसा दाट आहे."

जाऊबाई म्हणाल्या, "तो आपला नाही. आपला संपला होता, तू शिजवत होतीस. मी कोपऱ्यावरून आणला. सोमवारपासून तोच आहे."

म्हणजे सोमवारपासून मी शत्रूच्या साबणाने हात धुते आहे आणि त्याचं कौतुक करते आहे. भाचीला फोनवर सांगितलं, आणि सांगितल्याचा लगेच पश्चात्ताप झाला. ती इतकी हसली की पलीकडे कोणीतरी पाणी आणून दिलेलं ऐकू आलं.

"मावशी, हाच तर सामान्य ग्राहक! तुझं प्रतिज्ञापत्र घालू का?"

"घातलंस तर मृत्युपत्रातून नाव काढीन."

८ एप्रिल

त्यांचा अर्ज राजपत्रासारख्या एका जर्नलमध्ये जाहीर झाला. नोंदणीआधी असं सगळ्या जगाला दाखवतात, ज्याला हरकत घ्यायची त्याने ठरलेल्या मुदतीत घ्यावी. शाळेतल्या चॅपलमधल्या लग्नासारखं. आम्ही मुली मागच्या बाकावर बसून वाट बघायचो, कोणीतरी उठून हरकत घेईल म्हणून. कधी कोणी उठलं नाही. आज मी उठले.

विरोधाचा मसुदा भाचीने तीन पानांचा केला होता. मी त्यातले "नम्रपणे" हे सगळे शब्द काढले. तिने ते परत घातले.

२ मे

धोबीघराची फार आठवण येते आहे. या खटल्यामुळेच असेल. मोठाल्या कढया, वाफ, आणि सिस्टरच्या कोपरापर्यंत वर सारलेल्या बाह्या. साबण घोटताना त्या आम्हा दोघींना आलटून पालटून पळी देत. दोघी म्हणजे मी आणि टिटवी. टिटवी माझ्या शेजारच्या पलंगावर होती. आवाज तसाच, म्हणून हे नाव. मी काटकुळी आणि टोचून बोलणारी, म्हणून मी सुई. आम्ही एकमेकींशिवाय जेवत नसू आणि एकमेकींशी भांडल्याशिवाय झोपत नसू. भांडण नेहमी एकच. ती माझे पायमोजे घालून जायची. तिचे स्वतःचे असताना! तिचं चित्र कसलंसं पाखरू होतं, आता नक्की आठवत नाही. शाळा संपली, तिच्या वडिलांची बदली झाली, मग लग्न, मग मुलं, मग पत्ते बदलले. संपलं.

कृती सिस्टरशिवाय फक्त मला माहीत असं मी फेब्रुवारीत लिहिलं आहे. पळी टिटवीच्याही हातात असायची. पण टिटवीच्या हातून कधी काही नीट शिजलं नाही, म्हणून तिला धरत नाही.

१९ जून

वाईट बातमी. त्यांचं उत्तर आलं. म्हणतात, बदकछाप साबण आम्ही आठ वर्षं विकतो आहोत. आधी शेजारच्या शहरात, आता इथे. बिलं जोडली आहेत. मला सहा वर्षं झाली.

भाचीने गोड बोलायचा प्रयत्न केला नाही, हे तिला शोभलं. "मावशी, आधी वापरणाऱ्याचं पारडं जड. ते खरे निघाले तर बदक त्यांचं."

संध्याकाळी जाऊबाई वड्या गुंडाळत होत्या. प्रत्येक कागदावरून, बदकावरून, त्यांचा अंगठा नेहमीसारखा फिरत होता. "दुसरं चित्र घेऊ," त्या म्हणाल्या. "मांजर घेऊ. मांजर काय वाईट असतं?"

सहा वर्षांत मी कितीतरी गोष्टी सोडल्या. नोकरीची खुर्ची गेली, नवऱ्याचा चहाचा कप गेला, जिना धावत चढणं गेलं. बदक मला सोडायचं नाही.

१० जुलै

पुरावा द्यायची वेळ आली. भाची म्हणते, रुमाल व्यापारातला वापर नसला तरी एक गोष्ट सांगतो. मी नक्कल केली नाही, बदक माझ्याकडे पहिल्यापासून होतं. हेतू प्रामाणिक आहे हे दिसलं तर दोघांनाही चिन्ह राहू देतात, क्वचित. बुडणाऱ्याला तेवढंही पुरे.

रुमाल खणातून काढला. जाऊबाईंनी इस्त्री करून दिला. भाचीच्या टेबलावर पसरला तर ती ओरडली, "मावशी, हे तर त्यांचं बदक!"

बदक उजवीकडे बघत होतं. माझ्या रुमालावर!

मग लक्षात आलं, जाऊबाईंनी रुमाल उलट्या बाजूने इस्त्री केला होता. मी फटकन उलटवला. बदक डावीकडे.

"पण उलट कुठली नि सुलट कुठली, हे ओळखलंस कसं?" भाचीने विचारलं. "दोन्हीकडून सारखंच भरलंय."

मी तिला अभिमानाने सांगितलं की तसंच भरायचं असतं. सिस्टर म्हणायच्या, उलटी बाजू सुलट्या बाजूइतकीच स्वच्छ हवी, कापडाचीही आणि मुलीचीही. लोंबते दोरे दिसले की सगळं उसवायला लावायच्या. एकच गाठ चालायची, तीही बदकाच्या डोळ्यात लपवलेली.

"मग सुलट बाजू कुठली?"

"डावी. माझं बदक डावीकडे बघतं."

"हा पुरावा नाही, मावशी. हा हट्ट आहे."

फोटो डावीकडे बघणाऱ्या बाजूचाच काढायला लावला.

२१ ऑगस्ट

सगळं क्रमाने लिहिते.

आज त्यांचा पुरावा आला. भाचीने निरोप दिला, "लगेच ये." गेले. कंपनी मुलाच्या नावाने आहे, पण साबण करते त्याची आई. त्या बाईचं प्रतिज्ञापत्र होतं. भाची वाचू लागली.

"मी शपथपूर्वक सांगते की हे बदक मी लहानपणापासून वापरते. शाळेच्या वसतिगृहात धुलाईसाठी प्रत्येक मुलीला एक चित्र असे. माझं चित्र उजवीकडे बघणारं बदक होतं. साबणाची कृती मला धोबीघराच्या सिस्टरनी शिकवली. त्या काळातला एक पायमोजा मी जपून ठेवला असून त्याचं छायाचित्र सोबत जोडलं आहे. माझ्या शेजारच्या पलंगावर एक अत्यंत भांडकुदळ मुलगी होती, तिला आम्ही सुई म्हणत असू. ती नेहमी माझे पायमोजे घालून जात असे, त्यामुळे एवढा एकच वाचला. तिचं चित्र कसलंसं पाखरू होतं, आता नक्की आठवत नाही."

भाची थांबली. "मावशी? बरं वाटत नाहीये का?"

"पुढे काय लिहिलंय त्या टिटवीने?"

"कोण टिटवी?"

मी कागद तिच्या हातातून घेतला. फोटोत एक मळकट पांढरा पायमोजा होता. घोट्यावर लाल बदक, तीन रेघांवर, उजवीकडे बघणारं. आणि टाचेला पिवळ्या दोऱ्याचं रफू. पिवळ्या! पांढरा दोरा संपला म्हणून मी पिवळ्याने रफू केलं होतं आणि त्याबद्दल सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली होती. त्या वसतिगृहात पिवळी टाच असलेला पायमोजा एकच होता.

"हा माझा आहे," मी म्हटलं.

"पण बदक उजवीकडे बघतंय."

"कारण उलटा आहे! बोटांजवळची शिवण बघ, बाहेर आली आहे. आतला भाग बाहेर करून फोटो काढलाय. सुलट कर म्हणजे बदक डावीकडे बघेल. माझाच पायमोजा माझ्याविरुद्ध साक्षीला उभा केलाय त्या बाईने!"

मग सगळं आठवलं, सगळं. टिटवी वर्षाच्या मध्येच आली होती. तोवर सिस्टरची चित्रं संपली होती. त्यांनी माझंच बदक तिला दिलं, फक्त तोंड फिरवून. मी आठ वर्षांची होते आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. आणि टाका इतका स्वच्छ की उलट सुलट कळेना. धुऊन आलेला कपडा आतून बाहेर झाला की माझं बदक तिचं व्हायचं आणि तिचं माझं. ती माझे पायमोजे घालत होती ते वाईटपणाने नव्हे.

भाची हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही रोज घालून बघत होतात, दोन चिन्हांत गोंधळ होतो की नाही ते."

मग मला रुमाल आठवला.

घरी आल्याबरोबर खणातून काढला. डावीकडचं बदक वर केलं आणि डोळ्यावरून नख फिरवलं.

गाठ लागली. डावीकडे बघणाऱ्या बाजूला.

गाठ नेहमी उलट बाजूला. म्हणजे सुलट बाजू उजवीकडे बघणारी. रुमाल टिटवीचा आहे. इतकी वर्षं, दोन घरं बदलून, कापराच्या वड्यांत, मी टिटवीचा रुमाल जपला आणि टिटवीने माझा पायमोजा.

जाऊबाई चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून दारातच थांबल्या. "हरलीस का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्या रुमाल घ्यायला गेल्या, मी दिला नाही.

२३ ऑगस्ट

भाचीला विचारलं, आता काय होतं?

तिने सरळ सांगितलं. लढलो तर तारखांवर बहुधा ते जिंकतील. निकालाला काळ लागेल आणि तोवर दोघींची वयं काय होतील ते तिने सभ्यपणाने सांगितलं नाही. दुसरा रस्ता असा की दोघींनी आपापले अर्ज आणि विरोध मागे घ्यायचे आणि एकच नवा अर्ज दोघींच्या नावाने करायचा. चिन्ह दोघींचं मिळून, वापर दोघींसाठी मिळून. एकीने दुसरीला वगळून ते वापरायचं नाही.

"पण त्यांची आधीची तारीख जाते," ती म्हणाली. "ते कशाला ऐकतील?"

"भांडायलाच कोणी उरलं नाही तर त्या तारखेचं काय लोणचं घालायचंय?"

"मग मी त्यांच्या वकिलांना एक नम्र पत्र..."

"पत्र मी लिहिते."

जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "फार कडक आहे." मी म्हटलं, "तिला ओळखू यायला हवं ना, कोणी लिहिलंय ते." दुपारी तांबड्या पेटीत टाकलं. पावती मिळणाऱ्या टपालाने टाकायला हवं होतं हे परतताना सुचलं, म्हणून सोमवारी दुसरी प्रत तशी पाठवणार आहे. नक्कल खाली उतरवून ठेवते.

टिटवी हिस,

तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं. त्यात तीन चुका आहेत, त्या दुरुस्त कराव्यात.

"अत्यंत भांडकुदळ" यातला "अत्यंत" काढावा.

माझं चित्र "कसलंसं पाखरू" नव्हतं. ते बदक होतं, डावीकडे बघणारं, आणि तुझ्या आधी मला मिळालेलं होतं. तू शेवटची आलीस म्हणून तुला माझंच फिरवून दिलं. तुझ्या चित्राबद्दल मीही माझ्या वहीत असंच काहीतरी लिहिलं आहे, पण ती वही मी सरकारदरबारी दाखल केलेली नाही.

पुरावा म्हणून जोडलेला पायमोजा तुझा नाही. टाच बघ. मग सुलट करून बदक बघ. नख फिरवून डोळ्यातली गाठ कुठल्या बाजूला लागते तेही बघ, सिस्टरनी शिकवलेलं आठवत असेल तर. तुझा एक रुमाल माझ्याकडे आहे. मी तो माझा समजून त्यावरून बदक छापून घेतलं. तेव्हा चोर कोण, हे ठरवायला आपल्या दोघींचे वकील अपुरे आहेत.

तुझा साबण मी तोलला. वजन चोख आहे. तुझ्या हातून इतकं नीट काही होईल असं वाटलं नव्हतं.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. दोघींनी जुने अर्ज मागे घ्यावेत. नवा अर्ज एकच करावा, दोघींच्या नावाने. चिन्ह म्हणजे तीन रेघांच्या पाण्यावर दोन बदकं, एक डावीकडे बघणारं आणि एक उजवीकडे. समोरासमोर की पाठीला पाठ लावून, यावर माझं अजून ठरलेलं नाही. ते तुझ्याशी भांडून ठरवावं लागेल. वड्या गुंडाळायला माझ्या जाऊबाई आहेत. त्या एरवी फार बोलतात, पण हाताला चपळ आहेत.

माझा पायमोजा धुऊन परत करावा. साबण तुझा वापर किंवा माझा, मला फरक कळणार नाही, हे मी केवळ तुला म्हणून सांगते.

या पत्राचं लेखी उत्तर शनिवार, सहा सप्टेंबर, दुपारी चार वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन चालणार नाही. मुलाकरवी निरोपही चालणार नाही. टपालावर तुझा विश्वास नसेल तर स्वतः घेऊन यावं. जिना चढून डावीकडचं दार. त्या दिवशी मी घरीच आहे.

सुई